आपल्या वायफायचा संतरी कोण?



या लेखात चौकी नाही, बर्फ नाही, गोळीही नाही. एक पांढरा प्लास्टिकचा डबा आहे, ज्याला आपण राऊटर म्हणतो, आणि त्या डब्यापायी एका सिग्नलच्या हवालदाराची मान खाली गेल्याची गोष्ट आहे. तो हवालदार मीच.

२०२३ साली माझी पोस्टिंग एनसीसीच्या ड्यूटीवर दुर्गकडे आली. फील्डमधून आलेल्या माणसाला अशी पोस्टिंग म्हणजे देवाने दिलेली सुट्टीच. पंधरा वर्षांच्या नोकरीत कुटुंब सोबत ठेवायची संधी फार कमी वेळा मिळाली होती, म्हणून भिलाईत खुर्सीपारला वरचा मजला भाड्याने घेतला. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो: १९५५ साली रशियाशी करार झाला आणि त्यातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. आपण सुट्टीला ज्या रुळांवरून गावी जातो त्यातले कितीतरी रूळ इथलेच. कारखान्याच्या मागे देशभरातून माणसं आली आणि इथेच राहिली. आमच्या गल्लीत तेलुगू घरं सगळ्यात जास्त, मग ओडिया, बिहारी, छत्तीसगढी, आणि दोन घरं मराठी. त्यातलं एक आमच्या घरमालक काकांचं. काका मूळ भंडारा जिल्ह्याचे, तरुणपणी कारखान्यात लागले आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले.

मुलीच्या शाळेचा अभ्यास, गावाकडे आईशी व्हिडिओ कॉल, हिची शिवणकामाची शिकवणी, या सगळ्यासाठी मी वायफाय लावून घेतलं. कनेक्शन माझ्या नावावर, माझ्या आधारवर. पासवर्ड ठेवला मुलीचं नाव आणि जन्मसाल.

पहिल्या आठवड्यात काकांनी पासवर्ड मागितला. दिला. मग काकांच्या नातवाने मागितला. मग समोरच्या तेलुगू काकूंच्या मुलाने, 'फौजी अंकल, प्रॅक्टिस टेस्ट देनी है,' म्हणून. त्याला अग्निवीर व्हायचं होतं. अशा मुलाला नाही म्हणायला जीभ कशी उचलणार? मग कोणाचा पाहुणा, कोणाचा भाचा. हिने एकदा म्हटलं, 'अहो, पाण्याच्या नळासारखं झालंय आपलं वायफाय.' मी काकांना सांगितलं तर काका हसले. म्हणाले, 'अरे बाबू, आपलं काय जाते त्यात? महिन्याचे पैसे तर तेवढेच लागते ना!'

मलाही ते पटलं. अनलिमिटेड प्लॅन आहे, आपलं काय जातं?

काय जातं ते एका संध्याकाळी कळलं. दोन पोलीस दारात आले. वागायला चांगले होते, मी फौजी आहे कळल्यावर बूट बाहेर काढून आत बसले. तक्रार अशी होती की दुसऱ्या वस्तीतल्या एका कॉलेजच्या मुलीच्या नावाने, तिचा फोटो लावून, कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून घाणेरडे मेसेज पाठवले होते. ज्या आयपी पत्त्यावरून ते खातं वापरलं गेलं, तो त्या तारखांना आणि त्या वेळांना माझ्या कनेक्शनचा निघाला.

त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला. 'हवालदार साहब, आपका वाय-फाय कौन-कौन चलाता है?'

मित्रांनो, मला उत्तर देता आलं नाही. संतरीला कोणी विचारावं की कॅम्पच्या आत कोण कोण आहे, आणि संतरीने म्हणावं, माहीत नाही. तसं झालं माझं. त्यांच्या समोरच राऊटरचं पान उघडलं. घरातली उपकरणं पाच: माझा फोन, हिचा फोन, मुलीचा टॅब, टीव्ही, लॅपटॉप. पानावर दिसत होती सतरा. बारांपैकी चार-पाच मला ओळखता आली. बाकीच्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे.

पुढचं थोडक्यात सांगतो. खातं उघडताना दिलेल्या मोबाईल नंबरवरून खरा मुलगा महिन्याभरात सापडला. वय सोळा. तो आमच्या गल्लीतलाही नव्हता. आमचा पासवर्ड कोणाच्या तरी फोनवरच्या क्यूआर कोडच्या फोटोतून फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचला होता, आणि तो रात्री आमच्या घराच्या कोपऱ्यावर मोटारसायकल लावून बसायचा. मला त्रास काय झाला? दोनदा ठाण्यात जावं लागलं, आणि युनिटमध्ये साहेबांना लेखी कळवावं लागलं. पण त्या मुलीचं तीन आठवडे कॉलेज बुडालं. ती घराबाहेर पडायची बंद झाली होती असं तिच्या वडिलांनी मला ठाण्याच्या बाकावर सांगितलं. ते माझ्याशी रागाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, 'आप तो फौजी हैं, आपके घर से कैसे हुआ?' तो प्रश्न अजून कानात आहे.

तेव्हा मला जबलपूर आठवलं. २००८ साली मी तिथे सिग्नलच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरूट होतो आणि आमच्या उस्तादांनी एक दिवस वर्गात नवी मुंबईची गोष्ट सांगितली होती. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर पोहोचले. त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशी झाली. शेवटी निघालं काय, तर त्याच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी वापर केला होता. त्यानंतर २३ ऑगस्टला आलेला ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला होता. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यावर फिरले आणि मालकांना कुलूप लावायला सांगू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित वापरण्याबद्दल सूचना काढल्या.

उस्तादांनी तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं की आयपी पत्ता घरापर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, आणि पंधरा वर्षांनी खुर्सीपारला स्वतःच्या घरात विसरलो.

ठाण्यातून परत आलो त्या रात्री मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात. राऊटरमध्ये 'मॅक फिल्टर' नावाची सोय असते, ती चालू केली. वायफायवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला बारा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याचा पहिला अर्धा भाग साधारणपणे बनवणाऱ्या कंपनीचा असतो. फिल्टरमध्ये आपण यादी देतो की हेच क्रमांक आत येऊ द्या, बाकी सगळे बाहेर. मी घरातल्या पाचांची यादी केली, सेव्ह केलं आणि शांत झोपलो. आता कसे येतात बघू!

सकाळी हिचा फोन बाहेर. यादीत नाव असून बाहेर. कारण असं की अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवतात आणि वायफायला बनावट पत्ता दाखवतात. दुकानात, स्टेशनवर, मॉलमध्ये कोणी आपल्या फोनचा माग ठेवू नये म्हणून ही सोय केली आहे, आणि ती चांगली आहे. साधारणपणे एका वायफायसाठी फोन एकच बनावट पत्ता धरून ठेवतो. पण हिने आदल्या रात्री 'नेटवर्क विसरा' दाबून पुन्हा जोडलं होतं, सेटिंगही हलली होती, आणि पत्ता बदलला. घरातली बाई बाहेर आणि कुलूप लावणारा खुश, असा प्रकार झाला.

त्याहून मोठी गोष्ट मला सिग्नलवाला म्हणून आधीच कळायला हवी होती. मॅक पत्ता हवेत उघडा जातो. वायफायवरची माहिती कुलूपबंद असली तरी पाकिटावरचा पत्ता कोणालाही वाचता येतो. ज्याला थोडं कळतं तो तुमच्या घरातल्या फोनचा पत्ता ऐकतो आणि तोच आपल्या लॅपटॉपला लावतो. फिल्टरला वाटतं, आपलाच माणूस आला.

काका कारखान्यात जायचे तेव्हा गेटवर सीआयएसएफचा जवान त्यांचा गेटपास बघायचा. मी काकांना विचारलं, 'काका, तुमच्या नावाची पट्टी छातीवर लावून दुसरा कोणी आला असता तर त्याला सोडलं असतं का?' काका म्हणाले, 'पट्टी तर बाजारात कोणी पण शिवून देते!' मॅक फिल्टर म्हणजे ती छातीवरची पट्टी. गडबड कमी करायला ठीक आहे, पण तिच्या भरवशावर गेट सोडायचं नाही.

मग गेट कशावर राखायचं? उत्तर आपल्या रोजच्या ड्यूटीतच आहे. रात्री संतरी ओरडतो, 'थम! कौन आता है?' येणारा सांगतो, 'दोस्त.' तेवढ्यावर संतरी सोडत नाही. त्या दिवसाचा पासवर्ड विचारतो. आणि तो पासवर्ड बदलत राहतो, कारण कालचा शब्द आज कोणाच्या तोंडी असेल ते सांगता येत नाही. आपण घरी मात्र वायफायचा पासवर्ड एकदा ठेवतो आणि डबा बिघडेपर्यंत तोच चालवतो.

म्हणून मी पुन्हा बसलो आणि नीट काम केलं. आधी राऊटरच्या आतलं पान. बऱ्याच घरी ते १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं आणि त्याचं नाव-पासवर्ड कारखान्यातून आलेलंच असतं, 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन'. ते आधी बदललं. २०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, ते अशाच न बदललेल्या पासवर्डमुळे. मग कुलुपाचा प्रकार पाहिला. 'डब्ल्यूईपी' असेल तर ते कुलूपच नाही, २००१ सालीच ते फुटलं आहे. 'डब्ल्यूपीए२' हवं, आणि डबा नवा असेल तर 'डब्ल्यूपीए३'. मग 'डब्ल्यूपीएस' बंद केलं. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडायची ती सोय. २०११ मध्ये असं उघडकीला आलं की राऊटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे दहा कोटी नव्हे तर जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते. शेवटी पासवर्ड. मुलीचं नाव गेलं, त्या जागी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, मध्ये आकडे. मुलीनेच निवडले. तिला ते पाठ आहेत, मला अजून दोनदा बघावे लागतात.

पासवर्ड बदलताच सतराचे शून्य झाले. मग आमचे पाच एकेक करून आत घेतले.

इथे लेख संपवता आला असता. कुलूप लावा, गल्लीला बाहेर ठेवा, जय हिंद. पण तिसऱ्या दिवशी समोरचा तो अग्निवीरवाला मुलगा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला दिसला. वर आला नाही, काही मागितलंही नाही. नुसता फोन हातात धरून बसला होता. लष्कराच्या भरतीची पहिली पायरी २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा झाली आहे. मैदानावर धावायची वेळ नंतर येते. त्याच्या घरी एकच फोन, आणि त्याचं दिवसाचं नेट दुपारीच संपायचं. त्याला सराव परीक्षा देता येत नव्हत्या. एका मुलाच्या गुन्ह्यासाठी मी दुसऱ्या मुलाची वाट अडवली होती.

आणि मला आणखी एक वाटलं. त्या चौकशीत चुकून याच पोराचं नाव आलं असतं तर? भरतीत पोलीस पडताळणी होते. माझ्या निष्काळजीपणाने त्याची वर्दी अंगावर चढायच्या आधीच उतरली असती.

आपल्याकडे या विषयावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कोणालाही देऊ नका, जमाना वाईट आहे. दुसरं म्हणतं, पाण्याला आणि नेटला कोणाला नाही म्हणू नये. माझं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे. द्यावं, पण ज्याला देतो त्याला ओळखून द्यावं. यादी उपकरणांची ठेवण्यापेक्षा माणसांची ठेवावी. उपकरण आपला पत्ता बदलतं, पट्टी बदलतं. दारात उभं राहून पासवर्ड मागणारा माणूस आपल्याला माहीत असतो.

बऱ्याच राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याच डब्यातून दुसऱ्या नावाचं, दुसऱ्या पासवर्डचं वायफाय. त्यावरच्या लोकांना नेट मिळतं, पण नीट लावलं तर आपला लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा त्यांना दिसत नाही. मी ते चालू केलं आणि एका वहीत चार नावं लिहिली: काका, त्यांचा नातू, समोरचा मुलगा, आणि शेजारच्या ओडिया वहिनी, ज्यांचे यजमान बाहेरगावी नोकरीला असतात. चौघांना समोर बसवून सांगितलं की हा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलेल. ज्याला हवा त्याने वर येऊन चहा घ्यायचा आणि पासवर्ड न्यायचा. पुढे कोणाला द्यायचा असेल तर त्याला माझ्याकडे आणायचं. रात्री अकरा ते पाच गेस्ट बंद.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. गेस्ट नेटवर्कवरून कोणी काही केलं तरी बाहेरच्या जगात पत्ता माझाच दिसणार. पोलीस पुन्हा माझ्याच दारात येणार. गेस्ट नेटवर्क घरातल्या वस्तू वाचवतं, नाव वाचवत नाही. नाव वाचवते ती वही आणि महिन्याला बदलणारा शब्द. म्हणूनच स्टेशनवरचं फुकट वायफायसुद्धा आधी मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं. तिथेही फुकट आहे, पण निनावी नाही. ज्यांना खरंच गल्लीला किंवा गावाला नेट द्यायचं आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली आहे. त्यात चहावाला, किराणावाला यांनाही लायसन्सशिवाय वायफाय देता येतं आणि वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून होते. सेवा करायची तर अशा रस्त्याने करावी.

आता खास फौजी भावांसाठी आणि निवृत्त साहेबांसाठी दोन शब्द. आपण ड्यूटीवर फोनचे नियम काटेकोर पाळतो. पण आपलं घर, आपली बायको, आई-वडील, मुलं हजार किलोमीटरवर एका डब्याच्या भरवशावर असतात. तो डबा लावणारा मुलगा येतो, पासवर्ड भिंतीवर पेन्सिलने लिहून जातो, आणि आपण फोनवर विचारतो, 'नेट चालू झालं ना?' एवढंच. पुढच्या सुट्टीत एक तास काढा. पासवर्ड बदला, आणि बदलायचा कसा ते घरातल्या एका माणसाला शिकवा. आपण परत गेल्यावर डब्याची किल्ली आपल्याकडे राहून उपयोग नाही, ती घरी राहणाऱ्या वहिनींकडे किंवा वडिलांकडे हवी. आमच्या घरी आता ही जबाबदारी हिची आहे. महिन्याच्या एक तारखेला ती राऊटरचं पान उघडते, उपकरणं मोजते, आणि अनोळखी दिसलं तर मला न विचारता बाहेर काढते. रोल कॉल म्हणतो आम्ही त्याला.

एकदा माझाच नवा फोन तिने बाहेर काढला. मी तक्रार केली तर म्हणाली, 'सांगून आणायचा होता.' बरोबरच आहे. संतरीने साहेबालाही थांबवायचं असतं.

समोरचा मुलगा पहिल्या खेपेला परीक्षेत मागे पडला. पुन्हा तयारीला लागला आहे. दर एक तारखेला वर येतो, चहा घेतो, पासवर्ड नेतो. मागच्या महिन्यात त्याचा एक मित्र खाली उभा होता. मी म्हटलं, 'त्याला पण दे की.' तर म्हणाला, 'नहीं अंकल, पहले उसको ऊपर बुलाता हूँ, आप देख लो.' मित्र वर आला. बसला, नाव-गाव सांगितलं, चहा घेतला. वहीत पाचवं नाव लिहिलं.

त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाला अजूनही माझ्याकडे उत्तर नाही. पण कोणी पुन्हा विचारलं की तुमचं वायफाय कोण कोण वापरतं, तर आता वही उघडून दाखवता येईल.

जय हिंद.